चौथ्या दिवसाचा ताप आणि दुपारचा पहारा

नमन त्या विठ्ठलाला, ज्याने देह दिला आणि देहासोबत त्याची दुखणीही दिली. नमन त्या संतसज्जनांना, ज्यांच्या शब्दांच्या आधाराने ती दुखणी सोसता आली. आणि तुम्हा ऐकणाऱ्यांनाही नमन, कारण जुनाट आजाऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणे ही काही लहान सेवा नव्हे.

धडधाकट माणसाचे किस्से शोधत फिरावे लागते. तो कधी शेतात, कधी बाजारात, कधी सोयऱ्यांकडे. त्याचे किस्सेही तसेच गावोगाव विखुरलेले. आजारी माणूस मात्र एका बाजेवर पडून असतो आणि सारे गाव त्याच्याकडे येते. येणारा काही बोलून जातो, काही करून जातो, आणि ते तिथेच बाजेखाली साचत राहते. माझ्या बाजेखाली असे वीस वर्षांचे साचले आहे. त्यातले आमच्या भजनी मंडळीचे तेवढे आज सांगतो.

मी नेकनूरचा; गाव मला तात्या म्हणे. निजामाचा अंमल होता तेव्हाची ही गोष्ट. मला हिवताप जडला होता. येऊन गेलेला नव्हे, येत राहणारा. आज दुपारी आला की मधले दोन दिवस मोकळे, आणि चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा हजर. पोटात डाव्या कुशीला पांथरी वाढलेली, रंग पिवळा पडलेला. लोकांना तापाचा दिवस दिसे. मधल्या दोन दिवसांत अंगात उरलेले त्राण ओंजळीतल्या पाण्याइतके असे, ते कोणाला दिसत नसे. त्यातून स्नान करावे की पूजा, पूजा करावी की देवळापर्यंत चालावे, याचा विचार सकाळी उठल्याबरोबर करावा लागे.

या सगळ्यात मला काळजी एकाच गोष्टीची होती. आमच्या देवळात श्रावणात सप्ताह होई. सात दिवस विणा खाली टेकवायचा नाही; एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायचा. पहारे घराघरांना वाटून दिलेले. दुपारचा पहारा आमच्या घरचा, वडिलांपासून चालत आलेला. नेम असा की मधल्या दिवसांत अडचण आली तर दुसऱ्याने उभे राहावे. परंतु पहिल्या दिवशी घरचेच माणूस उभे राहिले पाहिजे. न राहिले, तर पहारा दुसऱ्या घरी जाई आणि मग परत येत नसे. मला मुलगा नव्हता. मुली आपापल्या घरी नांदत होत्या. तेव्हा पहारा होता तो माझ्या दोन पायांवर, आणि त्या पायांचा भरवसा मला राहिला नव्हता.

* * *

त्या काळी आमच्या गावात तीन पंचांगे चालत. एक देवळातले, दुसरे कचेरीतले, सरकारी फसली सालाचे, आणि तिसरे माझ्या तापाचे. पहिल्या दोहोंत कधी वाद निघे. तिसऱ्यात सहसा निघत नसे.

एकदा कचेरीतले अंमलदार दौऱ्यावर आले. ओढ्याचा बांध कोणत्या दिवशी फुटला, असे त्यांनी विचारले. कोतवालाने हात जोडून सांगितले, "तात्याच्या तापाच्या दुसऱ्या दिशी, सरकार."

अंमलदार नवे होते. त्यांनी लेखणी थांबवून विचारले, "ये तात्या का ताप कौनसे महीने में आता है?"

आमचे पाटील शेजारीच बसले होते. करडा माणूस, हसणे ठाऊक नाही. ते म्हणाले, "हर महिन्यात, साहेब. दहा येळा."

* * *

मधल्या दिवसांत मी देवळाला जाई. घरापासून देऊळ चारशे पावले. धडधाकट माणसाचे पान चघळून होण्याआधी पोचावे इतके. मला वाटेत सात-आठ ठिकाणी थांबावे लागे. नुसते उभे राहून धापा टाकणे बरे दिसत नाही, म्हणून ज्याच्या दाराशी थांबे त्याची विचारपूस करी. "म्हैस व्याली का, पोरीचं पत्र आलं का, खोकला कसा आहे." तेवढ्यात दम परत येई आणि मी पुढे जाई.

वर्ष-दोन वर्षांत गावात माझे नाव झाले की तात्यांसारखा मायाळू माणूस नाही. एवढे दुखणे अंगावर असून दारोदारी चौकशी करतात.

एक दिवस ठकूबाई नावाची म्हातारी वाट अडवून उभी राहिली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "तात्या, समद्यांच्या दारात थांबता. माझ्याच दारात का म्हून थांबत न्हाई? माझं काय चुकलं?"

आता तिला काय सांगावे? तिचे घर उताराला लागून होते. तिथे मला दम लागतच नव्हता.

त्या दिवसापासून तिच्याही दारात थांबू लागलो. आणि खरे सांगायचे तर, दम नसताना केलेल्या सगळ्या चौकशांपेक्षा ती एक चौकशी अधिक खरी होती, कारण ती तेवढी मी चौकशीसाठीच करीत होतो.

* * *

पूजेचे मला फार लागून राही. वडील तासभर पाठ ताठ ठेवून पूजा करीत. माझी पाठ गंध उगाळून होईपर्यंत वाके. एका सकाळी फुले वाहताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी देवापुढेच आडवा झालो. उठावे म्हटले तर उठवेना. मन अगदी खट्टू झाले.

भागीरथी, माझे कुटुंब, दारात उभी होती. तिला म्हणालो, "देवापुढे असं पाय पसरून पडणं शोभतं का?"

ती आली. माझे पाय देवाच्या बाजूला होते ते धरून दुसरीकडे केले, डोक्याखाली पाट सरकवला, आणि मूर्तीकडे हात करून म्हणाली, "त्यो उभा हाय न्हवं? दोघांतल्या एकानं पडलं तर काय बिघडतंय?"

उरलेली फुले तिनेच वाहिली. मी पडल्या पडल्या अभंग म्हणत होतो. अशा पूजा मग कित्येक झाल्या. ती कामात असे, स्वयंपाकघरातून ये-जा करीत असे. ऐकते आहे असे मला कधी वाटले नाही.

* * *

दगडूबुवा आमच्या मंडळीतला पखवाजी. मोठ्या हाडाचा, मोठ्या आवाजाचा, आणि मायेने अगदी वेडा. मला विश्रांती मिळावी याची जबाबदारी त्याने आपणहून घेतली होती. रोज दुपारी येई, बाजेच्या पायाशी बसे आणि म्हणे, "तात्या, तुमी पडा. बोलू नका. मी हाय." आणि मग दिवे लागेपर्यंत तोच बोले.

एकदा भागीरथीने त्याला दारातच अडवले. "भावजी, आज येऊ नका. त्यास्नी इश्रांती हवी."

"मग मी कशासाठी आलो, वयनी? म्या त्येच द्यायला आलोय."

तिने त्याच्या पुढ्यात शेंगांचे सूप ठेवले आणि सांगितले, सोलून द्या. तोंडात शेंग असेपर्यंत माणूस गप्प असतो. तो मात्र एकही तोंडात न टाकता बोलत बोलत सोलीत राहिला; त्या वर्षी आमच्याकडे सोललेले दाणे उतरंडीत मावेनात.

* * *

गावात एक वृद्ध हकीमसाहेब होते. फार मोठ्या मनाचे. त्यांचा काढा इतका कडू की तो प्याल्यावर तापाचेही तोंड कडू व्हावे. त्यांनी पथ्य सांगितले: तिखट नको, शिळे नको, ऊन नको, मोठ्याने ओरडणे नको.

मी भीत भीत विचारले, "आणि भजन, हकीमसाहेब?"

ते म्हणाले, "भजन करा. लेकिन आहिस्ता करा. ऐकणारा लई लांब बसल्याला न्हाई."

एका तापाच्या दिवशी ते नाडी पाहायला आले. हात हातात घेतला आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. हात थरथरत होता. मला हीव अजून भरायचे होते, म्हणून म्हणालो, "हकीमसाहेब, थरथर माझ्या नाडीची आहे की आपल्या हाताची?"

त्यांनी डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाले, "तात्या, दुसरं घोंगडं हाय का घरात?"

त्यांनाही तोच ताप होता, आणि पाळीही त्याच दिवसाची. भागीरथीने खाली दुसरी वाकळ अंथरली. दोघे शेजारी शेजारी दात वाजवत पडलो. तास गेला, दीड तास गेला. घोंगड्याच्या आतून मी विचारले, "यावर दवा काय हो?"

पलीकडच्या घोंगड्यातून उत्तर आले, "सबूर. वर कोमट पाणी."

* * *

आता सांगतो त्या किश्शाची मला आजही लाज वाटते.

संतांनी भक्ताच्या अंगी उमटणारे आठ भाव सांगितले आहेत. अंग कापते, काटा येतो, घाम फुटतो, कंठ दाटतो, वर्ण पालटतो, डोळ्यांतून पाणी वाहते, माणूस थिजतो आणि अखेरीस देहभान हरपते. हिवतापही यातले एकही सोडत नाही, हे मला एका सप्ताहात कळले.

त्या वर्षी पहिला दिवस चांगला गेला. तिसऱ्या दिवशी पहाऱ्याला उभा होतो आणि विणा गळ्यात असतानाच हीव भरले. अंग कापू लागले, त्याबरोबर तारा आपोआप झणाणू लागल्या. काटा आला. आवाज फाटला. डोळे वाहू लागले. भजन रंगात आले होते. मंडळींनी पाहिले आणि टाळ टाकून माझ्या पायांवर लोळण घेतली. बाया पोरे घेऊन धावल्या. कोणी बुक्का लावला, कोणी हार घातला.

मी म्हणत होतो, "अहो, हा भाव नव्हे. हिवताप आहे."

एक जण गहिवरून म्हणाला, "बघा, केवढी नम्रता हाय."

जितके खरे सांगावे तितके लोक अधिक वाकू लागले. मी विठ्ठलाकडे पाहिले. तोही कमरेवर हात ठेवून पाहत होता. तेवढ्यात गर्दीतून भागीरथी गोधडी घेऊन आली. "पाया काय पडता? सरका. हीव आलंय त्यास्नी. विणा काढून घ्या कोणीतरी, आन् हात लावा हिकडं."

दगडूबुवाने विणा घेतला आणि चौघांनी मला उचलून घरी आणले. संतपण पाऊण घटका टिकले. लोक उठून गेले तसे मी गोधडीतून म्हणालो, "देवाच्या दारी हे भलतंच झालं."

भागीरथी पाय चेपत होती. म्हणाली, "तुमी खरं सांगिटलं न्हवं? मग झालं. न्हाई ऐकलं तर त्येंचं त्ये बघतील."

* * *

त्यानंतरच्या वर्षी माझी शक्ती अगदीच ओसरली. पाटलांकडे जाऊन म्हणालो, "यंदा पहारा दुसऱ्या घरी द्या. पहिल्या दिवशी मधेच कोसळलो तर विणा खाली टेकेल. तो दोष नको."

पाटील म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवसापासून कोतवाल रोज सकाळी दाराशी येऊ लागला. "पाटलांनी इचारलंय, ताप कधी आलता?" मला भरून आले. करड्या माणसाच्या आत एवढी माया असते, असे वाटले. आठ-दहा दिवसांनी सप्ताहाचा दिवस जाहीर झाला तेव्हा कारण कळले. आमच्या सप्ताहाला तिथी बांधलेली नव्हती. खुरपणी उरकली की पाटील श्रावणातला दिवस धरीत. त्या वर्षी त्यांनी बरोबर माझ्या तापाच्या दुसऱ्या दिवसाला सप्ताह उभा केला. ताप येऊन गेलेला असेल, पुढला यायला दोन दिवस अवकाश असेल. पहिला पहारा निभेल.

देवळातले पंचांग सांगणारे जोशीबुवा रागावले. "दिवस पंचांग बघून धरायचा का तात्याचं अंग बघून?"

पाटील म्हणाले, "तुमच्या पंचांगात एकच एकादशी दोन दोन दिशी येते. तात्याचा ताप एकाच दिशी येतो."

जोशीबुवांनी पंचांग मिटले.

आता सारे जुळले होते. परंतु दगडूबुवाची माया जुळवून घेणारी नव्हती. तो माझ्यासाठी बैलगाडी जुंपून बीडला गेला आणि दवाखान्यातून हिवतापावरच्या कुनैनच्या पुड्या घेऊन आला. सप्ताहाला चार दिवस उरले होते. डॉक्टरांनी पुष्कळ दिवस घ्यायला सांगितले होते. मी दोनच दिवस घेतल्या, कारण पोटात काही ठरेना आणि कानांत अखंड झणझण सुरू झाली.

ते ऐकून दगडूबुवा खूश. "टाळ वाजत्यात का कानात? मग औषध भजनी हाय, तात्या. घ्या."

सप्ताहाच्या आदल्या दिवशी दुपार झाली, कलली, संध्याकाळ झाली. ताप आला नाही. कित्येक वर्षांत प्रथमच त्याने पाळी चुकवली होती. भागीरथीने शिरा केला. दगडूबुवा ओसरीवर पखवाज वाजवून गेला. मी एकटाच दाराकडे बघत होतो. इतक्या वर्षांचा सोबती असा न सांगता जाईल, यावर माझा विश्वास नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी आला.

सप्ताह उरकल्यावर पाटलांनी सारे ऐकून दगडूबुवाकडे पाहिले. "दगडू, काय केलंस बे हे?"

दगडूबुवा रडवेला झाला होता. म्हणाला, "एक दिस तर बरा केला न्हवं?"

* * *

त्या पहिल्या दिवसाचे राहिले.

दुपारी विणा माझ्या गळ्यात आला तेव्हा अंग तापू लागल्याचे मला कळले होते. सांगितले नाही. सांगितले असते तर पहारा तिथेच गेला असता. खांबाला पाठ लावून उभा राहिलो आणि नाम घेऊ लागलो. पहिला अभंग झाला. दुसऱ्याच्या मध्यावर अंग खांबावरून घसरू लागले. एक हात खांबाला धरला, दुसऱ्याने विणा छातीशी. देवळात सगळ्यांना दिसत होते. दगडूबुवा पखवाज सोडून अर्धा उठला. पाटलांनी हाताने त्याला खाली बसवले. तो दुसऱ्या घरचा. त्याने विणा घेतला की आमचा पहारा संपला, आणि न घेतला तर विणा जमिनीला लागणार. कोणालाच काही करता येईना.

विणा खाली झुकला. भोपळा फरशीपासून वीतभर राहिला.

बायकांच्या बाजूने भागीरथी उठली. डोईवरचा पदर सारखा केला, पुढे आली, माझ्या गळ्यातून विणा काढला आणि आपल्या गळ्यात घातला. मी खांबाशी बसलो.

आमच्या देवळात बाईच्या गळ्यात विणा कोणी पाहिला नव्हता. टाळ थांबले. जोशीबुवांनी तोंड उघडले आणि पाटलांकडे पाहिले. पाटील विण्याकडे पाहत होते. कोणी 'उतरव' म्हणाले असते तर ती काय करणार होती, हे मला आजही ठाऊक नाही. मी विचारले नाही.

तिने तार छेडली आणि माझा अर्धा राहिलेला अभंग होता तिथून उचलला.

घरात कधी गुणगुणतानाही मी तिला ऐकले नव्हते. आवाज साधा, दळणाच्या ओवीचा. पण चरणामागून चरण चुकत नव्हता. एक अभंग झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. दगडूबुवाची थाप पडली, मग एक टाळ, मग सगळे.

खांबाला टेकून ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती मध्येच थांबत होती. चरण संपताना नव्हे, भलत्याच ठिकाणी. शब्द अर्धा म्हणायचा, थांबायचे, मग उरलेला म्हणायचा. तिला दम लागला नव्हता. ती कणखर बाई, दोन घागरी घेऊन उभी चढण चढे. ती थांबत होती ती बरोबर तिथे, जिथे देवापुढे पडून म्हणताना मला दम लागे.

मंडळीही तिच्याबरोबर थांबत होती.

पहारा संपला. पुढचा पहारा पाटलांच्या घरचा. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पायांवर डोके ठेवायचे आणि मग विणा गळ्यात घ्यायचा, ही रीत. पाटील उठले. पागोटे सारखे केले. तिच्यासमोर उभे राहिले. मग ते वाकले, डोके टेकवले, उठून विणा घेतला.

आणि तार जुळवता जुळवता, तिच्याकडे न पाहता म्हणाले, "उद्या येळेवर या, वयनी. तात्याला ताप नसला तरी."

* * *

ज्यांनी हे ऐकले त्यांच्या घरी सुख नांदो. जे बाजेवर आहेत त्यांना उशाशी माणूस लाभो, आणि जे उशाशी आहेत त्यांना सुखाची झोप लाभो. लेकीबाळी, गुरेवासरे, सोयरे-शेजारी, सर्वांवर त्या उभ्या राहिलेल्याची दृष्टी असो. सर्वांचे कल्याण होवो.